द शॅक : बहिणीला देण्याआधी मी वाचून काढलं

गेल्या वर्षी मे महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा हायवेवर गेला. एकोणीस वर्षांचा पोरगा, कामावरून मोटरसायकलने घरी येत होता, ट्रकने उडवलं आणि ट्रकवाला थांबलासुद्धा नाही. तेव्हापासून बहीण मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला येत नाही, घरी रोझरीची माळ जपणं बंद, येशूच्या फोटोपुढचा दिवा पण ती लावत नाही. आम्ही भुसावळचे, वडील नगरकडून रेल्वेत लागून इथे आले, रविवार चुकवलेला मला आठवत नाही, त्यामुळे हे घरात सगळ्यांनाच जड जातंय. तेवढ्यात माझी एक मैत्रीण, नवापूरकडची नर्स आहे, प्रॉटेस्टंट घरातली, ती द शॅक ही कादंबरी घेऊन आली. म्हणे मला हिने खूप धीर दिला, तुझ्या बहिणीला दे. बहिणीने पुस्तक उलटसुलट करून पाहिलं आणि एकच विचारलं, ताई, आपण कॅथलिकांनी हे वाचलेलं चालतं का?

मी म्हटलं आधी मी वाचते मग सांगते. चर्चमधल्या तीन-चार जणींनीही नंतर हेच विचारलं म्हणून सविस्तर लिहितेय. कथेतलं बरंच सांगावं लागणार आहे, ज्यांना आधी कळायला नको त्यांनी इथेच थांबा.

चालतं का याचं उत्तर सोपंय. मनाई केलेल्या पुस्तकांची यादी चर्चने १९६६ मध्येच बंद केली, आता काय वाचायचं ते आपल्या विवेकावर आहे. बिशपांच्या परवानगीचा शिक्का यात शोधू नका, ही कादंबरी आहे आणि लेखक कॅथलिक नाही. विल्यम पॉल यंग, कॅनडाचे, आईवडील मिशनरी, बालपण न्यू गिनीत गेलं. आपल्या सहा मुलांसाठी म्हणून त्यांनी ही गोष्ट लिहिली, पहिल्यांदा फक्त १५ प्रती काढल्या होत्या. २००७ मध्ये पुस्तक म्हणून आलं आणि एक कोटीच्या वर खपलं, २०१७ ला सिनेमाही आला. त्यांनी स्वतः लहानपणी अत्याचार सोसलेत आणि ते पानापानावर जाणवतं, उगाच कल्पना करून लिहिलेलं दुःख नाहीये हे.

गोष्ट अशी. मॅक नावाचा माणूस, मुलांना घेऊन कॅम्पिंगला गेलेला, तिथून त्याची छोटी मुलगी मिसी पळवली जाते. डोंगरातल्या एका पडक्या झोपडीत तिचा रक्ताने माखलेला ड्रेस सापडतो, ती सापडत नाही. काही वर्षांनी मॅकच्या पत्रपेटीत चिठ्ठी येते, त्या झोपडीत भेटायला ये, खाली सही पापा. पापा हे त्याची बायको देवाला म्हणते ते नाव. तो जातो, आणि तिथे देव पिता एका धिप्पाड कृष्णवर्णीय बाईच्या रूपात स्वयंपाकघरात उभा असतो, येशू सुताराच्या कपड्यात, आणि पवित्र आत्मा सरयू नावाची आशियाई बाई, बागेत काम करणारी. पुस्तकात सरयू म्हणजे वारा असं येतं, आपल्याला ती अयोध्येची नदी म्हणूनच माहीत. बाकी पुस्तक म्हणजे त्या शनिवार-रविवारचं ह्या तिघांशी बोलणं.

आता बहुतेकांना पहिला झटका बसतो तो देव बाई कसा याचा. मला तो बसलाच नाही खरं सांगायचं तर. आपण मराठी माणसं आहोत, शेजारून मुक्ताईनगरची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा लोक विठ्ठलाला माउली म्हणतच जातात, आणि ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्तालाही माउलीच म्हटलं. बायबलमधल्या यशयाच्या ६६व्या अध्यायात देव स्वतः सांगतो की आई लेकराचं सांत्वन करते तसं मी तुमचं करीन. कॅटेकिझमच्या, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत पुस्तकाच्या, २३९ क्रमांकाच्या परिच्छेदात स्पष्ट आहे की देव पुरुषही नाही आणि स्त्रीही नाही, आईची उपमा त्याला शोभते. पोप पहिले जॉन पॉल, ३३ दिवसच होते बिचारे, त्यांनी १० सप्टेंबर १९७८ ला देव पिता आहे आणि त्याहून जास्त आई आहे असं उघड म्हटलं होतं. आणि कादंबरीत कारण पण दिलंय, मॅकचा बाप दारुडा, मारझोड करणारा, त्याच्यापुढे बाप म्हणून उभं राहिलं तर तो दार लावून घेईल. शेवटच्या दिवशी, जेव्हा त्याला खरंच बापाची गरज असते, तेव्हा पापा म्हातारा पुरुष होऊन येतो. मला हे फार आवडलं.

पवित्र आत्म्याचं मात्र खटकलं. पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७४५ मध्येच सांगून ठेवलंय की पवित्र आत्म्याला माणसाच्या रूपात रंगवू नका, शास्त्रात जसा दिसला तसा कबुतर, अग्नीच्या जिभा असं दाखवा. सरयू वाचताना तो नियम का केला असेल ते कळतं, पुस्तक मिटल्यावरही तीच बाई डोळ्यापुढे येत राहते.

आणि खरी चूक आहे ती पापाच्या मनगटावरच्या व्रणांची. मॅकला दिसतं की देव पित्याच्या हातावर पण खिळ्यांच्या खुणा आहेत. वाचताना डोळ्यात पाणी येतं, मान्य, देव बाप वरून नुसता बघत नव्हता असं वाटून बरं वाटतं. पण रविवारी आपण विश्वासांगीकारात, म्हणजे आपली श्रद्धा एकत्र म्हणतो त्यात, काय म्हणतो? पिलाताच्या वेळी क्रुसावर खिळला गेला तो पुत्र. पिताच क्रुसावर मेला ही शिकवण तिसऱ्या शतकात पण फिरत होती आणि तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने तेव्हाच तिच्याविरुद्ध पुस्तक लिहिलं. त्रैक्याचं, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा तिघं मिळून एकच देव, हे गणित अवघड आहे म्हणून सोडून देतात लोक, पण इथे गोंधळ झाला की येशूने पित्याला हाक मारली, माझ्या देवा मला का सोडलंस, ती हाक कोणाला होती तेच कळेनासं होतं, आणि माझ्या बहिणीला आज तीच हाक मारायची आहे.

कल्पना लढवली म्हणून माझा राग नाही हे लक्षात घ्या. आपल्याच भाषेत फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण लिहिलं, १६१६ ला गोव्यात राचोलला छापलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या, पुराण सांगतात त्या थाटात पूर्ण बायबल आपल्या मातीत आणलं आणि तरी शिकवण कुठे वाकडी केली नाही. म्हणजे जमतं की.

मला सगळ्यात जास्त जे टोचलं ते वेगळंच आहे. ह्या पुस्तकात चर्च नाहीच जवळपास. संस्था, धर्म, हे सगळं माणसांनी उभं केलेलं, येशूला त्यात रस नाही असा सूर आहे. फादरपुढे पापांची कबुली देणं, म्हणजे कन्फेशन नाही, मिस्सातला ख्रिस्तप्रसाद नाही, ते चौघं एकत्र जेवतात खूप वेळा पण ते जेवणच. मॅकने एकट्याने डोंगरात जायचं, देवाशी बोलायचं, बरं होऊन यायचं. आता माझा अनुभव सांगते. भाचा गेला त्या रात्री ४५ डिग्रीच्या उन्हाने तापलेल्या घरात बहिणीजवळ कोण बसलं होतं, तर पॅरिशच्या, आमच्या चर्चच्या बायका, पहाटेपर्यंत, एकीने कोणी न सांगता खिचडी टाकली, एकीने तिच्या सासूचं डायपर बदललं, फादर रेल्वे हॉस्पिटलमधून थेट आले आणि एक शब्द न बोलता जमिनीवर बसून राहिले. बहीण आज कोणालाच भेटत नाही, तिला एकटीनेच देवाला भेट असं सांगणारं पुस्तक द्यायची मला भीती वाटली, अजूनही थोडी वाटते.

मग द्यायचंच कशाला? तर माफीचा भाग.

पापा मॅकला त्या खुन्याला माफ कर म्हणतो, आणि मॅक चिडतो, ओरडतो, आणि देव त्याला चिडू देतो. माफ करणं म्हणजे विसरणं नाही, त्या माणसाशी नातं जोडणं नाही, त्याने केलं ते चालवून घेणं नाही, फक्त त्याचा गळा धरलेला आपला हात सोडवणं, आणि ते एकदा म्हणून होत नाही, शंभरदा म्हणावं लागतं. हे कॅथलिकच आहे बरं का, कॅटेकिझम २८४३ मध्ये हेच आहे की दुखावल्याचं न वाटणं किंवा विसरणं आपल्या हातात नाही, पण पवित्र आत्म्याला दिलेलं मन त्या जखमेचंच दयेत रूपांतर करतं. माझ्या बहिणीला पहिल्या महिन्यातच चार जणांनी ट्रकवाल्याला माफ कर असं सांगून टाकलं होतं, जशी काही ती उधारी होती. ह्या कादंबरीने ते इतकं हळू, इतका वेळ देऊन सांगितलंय की मी ती पानं दोनदा वाचली.

ज्यांना हे कादंबरीतलंच वाटतं त्यांनी सिस्टर राणी मारियांचं आठवा. इंदूर काही आपल्यापासून लांब नाही. २५ फेब्रुवारी १९९५ ला चालत्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं, गरिबांना सावकारांविरुद्ध उभं करत होत्या म्हणून. त्यांची सख्खी बहीण, ती पण सिस्टर, ती जेलमध्ये गेली आणि खुन्याला राखी बांधली. तो माणूस बदलला, राणी मारियांच्या घरच्यांनीच त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला. ४ नोव्हेंबर २०१७ ला राणी मारियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं तो सोहळा इंदूरलाच झाला. मॅकच्या झोपडीपेक्षा मला ती जेलची खोली जवळची वाटते, पण बहिणीला एकदम राणी मारियांची गोष्ट सांगितली असती तर तिने मला घराबाहेर काढलं असतं, ती आधी मॅकसारखं ओरडायला हवी होती.

लिखाणाबद्दल थोडक्यात. अडीचशे पानं, इंग्रजी सोपं आहे, पेपर वाचता येतो त्याला जमेल. पहिली साठ-सत्तर पानं धडधड वाढवणारी, मूल गेलेल्या बाईला ती फार जड जातील, देताना आधीच सांगा. मधला भाग लांबलाय, देव बोलतोय आणि मॅक प्रश्न विचारतोय, प्रश्न विचारतोय आणि देव बोलतोय, कधी कधी रिट्रीटचं प्रवचन ऐकल्यासारखं होतं. येशू काहीतरी बनवत असतो ते मिसीची शवपेटी निघते तिथे मात्र मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले.

दृढीकरण संस्काराच्या वर्गातल्या पोरांना देऊ नका, त्यांना अजून त्रैक्य शिकायचंय, त्यांच्या डोक्यात हे चित्र पक्कं बसेल. मोठ्यांनी वाचा, सोबत कोणीतरी वाचणारं ठेवा, आणि शेजारी बायबल उघडं ठेवा, स्तोत्र ८८, जे अंधारातच संपतं, आणि योहान ११, जिथे मार्था आणि मरिया दोघी बहिणी येशूला तोंडावर सांगतात की तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता.

मी बहिणीला दिलं. वर जे लिहिलं ते सगळं मी समासात पेन्सिलने लिहून दिलं, मैत्रिणीला विचारून. आठ-दहा दिवस काही नाही. मग एका रात्री अकराला फोन. म्हणे, ताई, ह्या झोपडीत येशूची आई मरिया कुठेय? मुलगा गेलेली आई तर तीच होती ना, मग मला भेटायला तिला का नाही बोलावलं ह्यांनी? दोनदा वाचूनही माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. आम्ही दीड वाजेपर्यंत बोललो, म्हणजे तीच बोलली, सहा महिन्यांत पहिल्यांदा.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, ती मेणबत्त्या घेऊन कब्रस्तानात आली. मिस्साला अजून येत नाही. पुस्तक तिच्याकडेच आहे, शेवटची चाळीस पानं राहिलीत म्हणते.