महाडीबीटी पोर्टल: अर्ज सोपा, अडतं ते बँक खात्यात

समजा, पुण्यातल्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजची ट्यूशन फी १,२०,००० आणि डेव्हलपमेंट फी १५,००० रुपये आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत खुल्या प्रवर्गातल्या मुलाला निम्मी फी मिळते, म्हणून पालक ६७,५०० चा हिशोब धरतात. तिथेच चुकतं. सवलत ट्यूशन आणि परीक्षा फीवर आहे, डेव्हलपमेंट फी पूर्ण भरावी लागते. म्हणजे घरातून ७५,००० काढून ठेवायचे.

ही शिष्यवृत्ती महाडीबीटीवरून, म्हणजे राज्य सरकारच्या योजनांच्या पोर्टलवरून मिळते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅप राऊंडमधूनच (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून) झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला काहीही मिळत नाही. अभिमत आणि खासगी विद्यापीठंही योजनेबाहेर आहेत, आणि पुण्यात ती इतकी आहेत की नाव पाहून फसगत होते. कॉलेजांच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म भरण्याआधीच हे विचारून घ्या. मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठा दिलासा आहे: ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसीतल्या पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन आणि परीक्षा फी १०० टक्के माफ.

अर्ज भरणं खरंच सोपं आहे. आधारच्या ओटीपीने प्रोफाइल तयार होतं, दाखल्यावरचा बारकोड क्रमांक टाकायचा, कागद अपलोड करायचे. फक्त फाइल २५६ केबीच्या आत हवी. मोबाइलवर काढलेला फोटो दोन-तीन एमबीचा असतो. तो दाबून लहान केला की तहसीलदारांचा शिक्का आणि क्रमांक पुसट होतो आणि अर्ज परत येतो. त्यापेक्षा ‘आपले सरकार’वरून उतरवलेली उत्पन्नाच्या दाखल्याची मूळ पीडीएफच जोडा.

सगळ्यात जास्त नुकसान बँक खात्यापायी होतं. पोर्टल तुमचा खाते क्रमांक पाहत नाही. आधारशी एनपीसीआयमध्ये (बँकांमधले पैशांचे व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडे) जे खातं शेवटचं जोडलं गेलं, पैसे तिकडेच जातात. शाळेत असताना उघडलेलं आणि आता बंद पडलेलं खातं तिथे असेल, तर हप्ता अडकतो. बँकेत ‘आधार लिंक आहे’ एवढं ऐकून परत येऊ नका. माय आधार संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे सरकारी पैशांसाठी आधारला कोणतं खातं जोडलं आहे ते पाहा: बँकेचं नाव बरोबर हवं, स्थिती ‘अ‍ॅक्टिव्ह’ हवी. नसेल तर शाखेत डीबीटीसाठी सीडिंगचा फॉर्म भरा.

अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्ककडे, मग प्राचार्यांकडे आणि पुढे विभागाकडे जातो. आमच्या मते सर्वात कच्चा दुवा क्लार्कच्या टेबलाचा आहे. तिथून ‘सेंड बॅक’ झालेला अर्ज मुदतीत दुरुस्त केला नाही, तर त्या वर्षाची रक्कम हातची जाऊ शकते. म्हणून दर आठवड्याला लॉगिन करून स्थिती पाहा. हप्ता वेळेत येईल या भरवशावर पुढच्या सत्राची फी ठेवू नका, आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरावा लागतो.