सेलमधल्या मजकुराचा तुकडा मॅक्रोने शोधताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

एक्सेलमध्ये एखादा शब्द किंवा कोड सेलच्या मजकुरात मधेच कुठेतरी असतो. तो व्हीबीएने (एक्सेलचे मॅक्रो लिहायची भाषा) शोधायचे मुख्य मार्ग चार: इनस्ट्र (InStr), लाइक (Like), रेंजची, म्हणजे सेलच्या पट्ट्याची, फाइंड (Find) आणि रेगएक्स (मजकुराचे नमुने शोधणारं साधन). काही महिने चारही वापरल्यावर माझं मत स्पष्ट आहे. रोजच्या कामाला इनस्ट्र, आणि तेही डेटा ॲरेत (मेमरीतल्या किमतींच्या यादीत) घेऊन. बाकीचे तीन गरज पडेल तेव्हाच.

तुकडा सापडला तर इनस्ट्र त्याची जागा सांगतं, नाहीतर 0 देतं. म्हणून अट ‘0 पेक्षा मोठं’ अशीच लिहावी. ट्रूशी तुलना केली तर ती कधीच जुळत नाही, कारण व्हीबीएत ट्रू म्हणजे उणे 1. इंग्रजी कॅपिटल-स्मॉल फरक नको असेल तर शेवटी व्हीबी-टेक्स्ट-कंपेअर (vbTextCompare) द्यावं लागतं, आणि मग शोध कुठल्या अक्षरापासून सुरू करायचा ते सांगणारा सुरुवातीचा 1 सुद्धा द्यावाच लागतो. तो राहिला की पहिला मजकूरच आकडा म्हणून वाचला जातो आणि एरर 13 (डेटाचा प्रकार जुळत नाही) येते.

सर्वांत धोकादायक गोष्ट म्हणजे रिकामा शोधशब्द. तो ज्या सेलमधून घेता तो सेल कोरा राहिला, तर इनस्ट्र मजकूर असलेल्या प्रत्येक सेलसाठी 1 देतं, म्हणजे सगळ्या ओळी जुळल्या. मॅक्रो जुळलेल्या ओळी डिलीट करणारा असेल तर शीट साफ, आणि मॅक्रोनंतर कंट्रोल-झेड चालत नाही. शोधशब्दाची लांबी आधी तपासा, हे कृपया टाळू नका.

डेटात #एन/ए सारखी एरर असलेला एक जरी सेल आला तरी इनस्ट्र एरर 13 देऊन थांबतं. त्यासाठी आधी इजएररने (IsError) सेलमध्ये एरर आहे का ते तपासायचं, पण ही अट आणि इनस्ट्रची अट अँडने (And) एकाच ओळीत जोडून भागत नाही. व्हीबीए पहिली अट खोटी निघाली तरी दुसरी तपासतंच. इफच्या आत दुसरा इफ हवा.

ॲरेचा फायदा मोठ्या शीटवर लगेच जाणवतो: रेंजची व्हॅल्यू एकदाच व्हेरिएंटमध्ये (कुठलाही डेटा ठेवू शकणारा चल) घ्यायची, लूप मेमरीत चालवायचा, निकाल एकदाच शीटवर लिहायचा. फक्त रेंज एकाच सेलची असेल तर ॲरे मिळत नाही, साधी किंमत मिळते, आणि ॲरेचा शेवटचा क्रमांक सांगणाऱ्या यूबाउंडवर (UBound) मॅक्रो अडतो.

फाइंड एखाद-दुसरी नोंद गाठायला छान आहे. पण त्याचे लुकॲट (पूर्ण सेल जुळवायचा की तुकडा) आणि लुकइन (कशात शोधायचं) हे पर्याय मागच्या वापरातले तसेच राहतात, अगदी कुणी कंट्रोल-एफच्या खिडकीत बदलले असले तरी. ते दर वेळी स्वतः लिहावेत. लुकइनला व्हॅल्यूज दिलं तर लपवलेल्या ओळी सुटतात. काहीच सापडलं नाही तर नथिंग मिळतं. ते न तपासता पुढे गेलं की एरर 91 (ऑब्जेक्टच नाही) येते.

लाइक ठरावीक साच्याच्या कोडसाठी उत्तम: एका अंकासाठी #, एका अक्षरासाठी प्रश्नचिन्ह, कितीही अक्षरांसाठी तारा. खरोखरचा तारा शोधायचा तर तो चौकोनी कंसात. फाइंडमध्ये मात्र त्याच्याआधी टिल्ड (~). रेगएक्स ताकदवान आहे, पण शब्दाची हद्द ओळखणारी त्याची खूण देवनागरीत उपयोगाची नाही, कारण तिला फक्त इंग्रजी अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर कळतात.

मराठी मजकुराची काळजी वेगळी. व्हीबीए एडिटरमध्ये देवनागरी शब्द थेट लिहिला की बहुधा प्रश्नचिन्हं उमटतात, म्हणून शोधशब्द शीटवरच्या सेलमध्ये ठेवावा. ‘राम’ शोधलं की ‘आराम’ही सापडतो, पूर्ण शब्द हवा असेल तर मजकूर आणि शोधशब्द दोन्हींच्या मागेपुढे एकेक स्पेस जोडून मग तपासावं, आणि स्वल्पविराम, पूर्णविराम यांच्या जागी आधी स्पेस घालावी. कॉपी-पेस्ट केलेल्या डेटात न दिसणारे जोडाक्षर-चिन्ह 8204 आणि 8205 असतात, ते सीएचआरडब्ल्यूने (ChrW, क्रमांकावरून अक्षर देणारं फंक्शन) ओळखून रिप्लेसने काढावेत. वेबपेजवरून आलेली 160 क्रमांकाची स्पेस ट्रिमने (मागच्या-पुढच्या स्पेस काढणारं फंक्शन) जात नाही. तिच्या जागी आधी साधी स्पेस घालायची, मगच ट्रिम.