व्हर्च्युअल डिव्हाइस कर्नलमध्ये की युजरस्पेसमध्ये? रिव्ह्यू करणाऱ्याने द्यायचं उत्तर

व्हर्च्युअल मशीनसाठी, म्हणजे गेस्टसाठी, नवं डिव्हाइस (सॉफ्टवेअरमधली डिस्क, नेटवर्क कार्ड वगैरे) लिहायचं ठरलं की ते होस्टच्या, म्हणजे खऱ्या मशीनच्या, लिनक्स कर्नलमध्ये लिहायचं की बाहेर साध्या प्रोसेसमध्ये, म्हणजे युजरस्पेसमध्ये, हा प्रश्न येतो; आणि पहिली चर्चा वेगाची होते. माझ्या मते ती आधी रिव्ह्यूची व्हायला हवी. हा कोड वाचणार कोण, आणि वाचताना एक ओळ नजरेतून निसटली तर गेस्टच्या हाती काय लागणार?

चुका दोन्हीकडे झाल्या आहेत. २०१५ साली उघड झालेली व्हेनम ही चूक क्यूईएमयूच्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या युजरस्पेस प्रोग्रामच्या, फ्लॉपी कंट्रोलरमधली. बफर ५१२ बाइटचा, पण काही कमांडनंतर त्याचा इंडेक्स मूळ जागी येत नसे, त्यामुळे गेस्टला बफरच्या पलीकडे लिहिता यायचं. चूक गंभीर होती, तरी हल्लेखोर पोहोचायचा तो क्यूईएमयूच्या प्रोसेसपर्यंत. पुढे प्रोसेसला काय करता येईल यावर बंधन घालणारं सेकॉम्प किंवा एसईलिनक्स लावलेलं असेल, तर अजून एक भिंत उरत होती.

सीव्हीई-२०१९-१४८३५ (सीव्हीई म्हणजे सुरक्षा-चुकीचा जाहीर क्रमांक) ही चूक मात्र व्हीहोस्टमधली, म्हणजे व्हर्च्युअल डिव्हाइसचा डेटा हाताळणाऱ्या, थेट होस्टच्या कर्नलमधल्या कोडमधली. ती नीट समजून घेण्यासारखी आहे. लाइव्ह मायग्रेशन (चालू गेस्ट दुसऱ्या होस्टवर हलवणं) सुरू असताना गेस्टच्या मेमरीत कुठे कुठे लिहिलं जातंय, याची नोंद व्हीहोस्ट एका अ‍ॅरेत ठेवतं. बफरच्या तुकड्यांची संख्या मर्यादेत आहे का, हे कोड तपासत होता. नोंदींची संख्याही तेवढीच राहील असं गृहीत धरलेलं होतं. गेस्टने शून्य लांबीचा डिस्क्रिप्टर (बफरचा पत्ता आणि लांबी सांगणारी रचना) दिला की तुकडा एकही वाढत नसे, नोंद मात्र एकाने वाढे. असे पुरेसे डिस्क्रिप्टर दिले की लिखाण अ‍ॅरेबाहेर जाई. दुरुस्तीचा गाभा एवढाच: खरोखर तुकडा मिळाला असेल तरच नोंद करा. व्हीहोस्ट-नेट, म्हणजे व्हीहोस्टचं नेटवर्क डिव्हाइस, २०१० साली लिनक्स २.६.३४ मध्ये आलं, तेव्हापासून ही चूक तिथे होती. कोड अनेक जाणत्यांनी वाचला होता; पण मायग्रेशनची वाट फारशी कोणी चालून पाहत नाही.

तपासून झाल्यावर गेस्टने शेअर्ड मेमरीतली किंमत (व्हॅल्यू) बदलली तर काय, हा धोका दोन्हीकडे सारखाच. तिथे एकच नियम: किंमत एकदाच वाचा, आपल्याकडे कॉपी करा, मग तपासा. फरक पडतो तो नंतर. युजरस्पेसमधलं डिव्हाइस रस्टमध्ये लिहिता येतं, फझर (मुद्दाम वेडावाकडा डेटा देऊन चुका शोधणारं साधन) लावणं सोपं जातं आणि दुरुस्तीसाठी अख्खा होस्ट रीबूट करावा लागत नाही.

वेगाचा मुद्दा खरा आहे, पण लोक समजतात तितका सरळ नाही. आयओइव्हेंटएफडी (गेस्टचा इशारा डिव्हाइसपर्यंत नेणारा) आणि आयआरक्यूएफडी (डिव्हाइसचा इंटरप्ट गेस्टपर्यंत नेणारा) वापरून व्हीहोस्ट-यूजरसारखी, म्हणजे व्हीहोस्टचं काम युजरस्पेसमध्ये करणारी, वेगळी प्रोसेसही क्यूईएमयूला मध्ये न घेता काम करते. मात्र तिथे डीपीडीके या लायब्ररीचं पोलिंग (काम आलं का हे सतत पाहत राहणं) लावलं तर एक कोअर कायमचा अडकतो.

म्हणून डिस्कसाठी मी युजरस्पेसच निवडेन. नेटवर्कवर भरपूर ट्रॅफिक असेल आणि पोलिंगला कोअर द्यायचा नसेल, तर आधीपासून असलेलं व्हीहोस्ट-नेट वापरा. कर्नलमध्ये नवा बॅकएंड (डिव्हाइसची होस्टकडची बाजू) लिहू नका. इंटरप्ट कंट्रोलरसाठी (डिव्हाइसचे इशारे सीपीयूपर्यंत नेणाऱ्या भागासाठी) लिनक्स ४.४ पासून मधला मार्ग आहे: स्प्लिट आयआरक्यूचिप. प्रत्येक सीपीयूचं, वारंवार लागणारं लोकल एपिक कर्नलमध्ये राहतं, डिव्हाइसचे इंटरप्ट घेणारं आयओ-एपिक आणि जुनं पिक बाहेर जातं.

तरीही नवा कर्नल पॅच आलाच, तर मायग्रेशन चालू असताना, क्यू थांबवताना आणि एफडी (फाइल डिस्क्रिप्टर) बंद होताना वर्कर थ्रेड काय करत असेल, हे त्याच्या वर्णनात असायला हवं. नसेल, तर मी रिव्ह्यूड-बाय (पॅच तपासून मान्य केल्याची खूण) देत नाही.