दुबई की इंग्लंड? मुंबईतून बाहेर शिकवायला जाताना वर्क व्हिसाचा हिशेब

बीएड हातात आहे, पाच-सात वर्षं वर्गात घालवली आहेत आणि आता बाहेर शिकवायला जायचं आहे. अशा वेळी मुंबईतल्या बहुतेक शिक्षकांपुढे फिरून फिरून दोनच नावं येतात, दुबई आणि इंग्लंड. जपान, थायलंडचंही कानावर येतं. त्यांच्याकडे शेवटी थोडक्यात वळू.

तुलना सहसा पगारापासून सुरू होते आणि तिथेच फसते. दुबईत व्हिसाचा खर्च शाळेचा, पण कागदांची वणवण तुमची. इंग्लंडला कागद कमी लागतात, पण खिसा तुमचा रिकामा होतो आणि दारातच विषय कोणता ते विचारतात. म्हणून पगाराच्या आधी स्वतःची फाइल उघडून बघा.

इंग्लंड: आधी विषय

इंग्लंडच्या सरकारी शाळांत पूर्ण पगारावर शिकवायचं तर ‘क्यूटीएस’ म्हणजे पात्र शिक्षकाचा दर्जा लागतो. फेब्रुवारी २०२३ पासून भारतीय शिक्षकांना यासाठी तिथल्या शिक्षण खात्याकडे थेट ऑनलाइन अर्ज करता येतो आणि अर्जाला फी नाही. अट मात्र कडक आहे. ११ ते १६ वयोगटाला गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवण्याची तुमची पात्रता हवी, आणि बीएडनंतर किमान वर्षभराचा अनुभव हवा. इथे ‘भाषा’ म्हणजे फ्रेंच, जर्मन, स्पॅनिशसारख्या परदेशी भाषा. इंग्रजी त्यात धरत नाहीत. इतिहास-भूगोलवाले, प्राथमिकवाले, कॉमर्सवाले या रांगेत बसत नाहीत, मग अनुभव वीस वर्षांचा असला तरी. फ्रेंच शिकवणाऱ्या बऱ्याच जणींकडे भाषेच्या वरच्या पातळ्यांची प्रमाणपत्रं असतात, पण बीएड नसतं. नुसत्या भाषेच्या प्रमाणपत्रावर हा दर्जा मिळत नाही.

क्यूटीएस नसतानाही दार पूर्ण बंद होत नाही. परदेशात प्रशिक्षण घेतलेला शिक्षक इंग्लंडच्या सरकारी शाळेत चार वर्षांपर्यंत त्याशिवाय शिकवू शकतो, आणि अ‍ॅकॅडमी (म्हणजे सरकारी पैशावर चालणाऱ्या स्वायत्त शाळा) व खासगी शाळांवर क्यूटीएसची सक्ती नाही. पण ‘अनक्वालिफाइड’ श्रेणीचा पगार कमी असतो. तो व्हिसाच्या किमान रकमेपर्यंत पोचतो का, हे ऑफर स्वीकारण्याआधीच तपासा. राष्ट्रीय वेतनश्रेणीतल्या शिक्षकांसाठी ती किमान रक्कम एप्रिल २०२५ पासून वर्षाला २५,००० पौंड आहे. टीचिंग असिस्टंटच्या नोकरीवर व्हिसा मिळवून देतो असं कुणी सांगितलं तर तिथूनच उठा. जुलै २०२५ पासून हा व्हिसा मुख्यतः पदवीच्या दर्जाच्या कामांना मिळतो आणि असिस्टंटचं काम त्यात येत नाही.

व्हिसाचं नाव स्किल्ड वर्कर. तो शाळेच्या स्पॉन्सरशिपवर उभा असतो, आणि स्पॉन्सर होण्याचा परवाना सगळ्या शाळांकडे नसतो. परवानाधारकांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली आहे. मुलाखतीच्या आधी पाच मिनिटं काढून शाळेचं किंवा तिच्या ट्रस्टचं नाव त्यात शोधा. निवड झाली की शाळा ‘सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप’ देते. नाव सर्टिफिकेट असलं तरी हाती येतो तो फक्त एक क्रमांक, आणि तो मिळाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज करावा लागतो.

सोबत काय लागतं? ८ जानेवारी २०२६ पासून इंग्रजीची पातळी बी-२ (युरोपीय भाषा-मोजपट्टीवरची वरची मध्यम पातळी) झाली आहे. परीक्षा देणार असाल तर ‘आयईएलटीएस फॉर यूकेव्हीआय’ द्या. साधी आयईएलटीएस व्हिसाला चालत नाही आणि ती फी वाया गेलेले उमेदवार दर वर्षी दिसतात. पदवी इंग्रजी माध्यमातून झाली असेल तर एक्टिस या संस्थेकडून तसा दाखला घेऊन परीक्षा टाळता येते. टीबीची तपासणी मान्यताप्राप्त क्लिनिकमध्येच करायची. मुंबईत ती सोय आहे आणि प्रमाणपत्र सहा महिने चालतं. शिक्षकांना पोलिसांचा दाखलाही लागतो, आणि तोही गेल्या दहा वर्षांत जिथे जिथे मिळून वर्षभर राहिलात त्या प्रत्येक देशाचा. ‘आधी दुबई, मग इंग्लंड’ असा बेत असेल तर दुबई सोडण्याआधीच तिथला दाखला काढून ठेवा. मागाहून मुंबईत बसून तो मिळवणं फार त्रासाचं जातं.

पदवीवर अपोस्टिल (हेग कराराच्या देशांत कागद ग्राह्य धरावा म्हणून लावायचा स्टिकर), मंत्रालयाचा शिक्का यातलं काहीही इंग्लंडच्या व्हिसाला लागत नाही.

दुबई: शिक्क्यांची साखळी

तिथे चित्र उलटं आहे. विषयाची एवढी चाळणी नाही. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा भरपूर असल्याने समाजशास्त्र, हिंदी, प्राथमिक, कॉमर्स सगळ्यांना जागा असते. दुबईत शिक्षकाच्या नेमणुकीला केएचडीए या तिथल्या शिक्षण नियामक संस्थेची मान्यता लागते, अबुधाबीत एडेक या शिक्षण खात्याची. मान्यतेचा अर्ज शाळाच करते. शाळेला तुमच्याकडून हवी असते ती साक्षांकित पदवी, साक्षांकित बीएड आणि पोलिसांचा दाखला.

साक्षांकनाची साखळी अशी: आधी विद्यापीठाची पडताळणी, मग राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईच्या वकिलातीचा शिक्का, आणि शेवटी यूएईच्या परराष्ट्र मंत्रालयाचा. परराष्ट्र मंत्रालयाच्या टप्प्यासाठी दिल्ली गाठावी लागत नाही. त्याचं मुंबईतलं शाखा सचिवालय बीकेसीतल्या विदेश भवनात आहे, आणि कागद नेमलेल्या एजन्सीमार्फत जमा होतात. इथे अपोस्टिल करून घेऊ नका. यूएई हेग अपोस्टिल कराराचा सदस्य नाही, त्यामुळे तो स्टिकर तिथे काही कामाचा नाही. ओमान, बहारीन आणि सौदी सदस्य आहेत, तिथे तो चालतो. एजंट ‘आखाती देश’ म्हणून सगळ्यांना एकच पॅकेज देतो, आणि घोळ तिथेच होतो.

शिक्के पदवी प्रमाणपत्रावर मारले जातात, गुणपत्रिकेवर नाही. ज्यांनी पदवीदान समारंभानंतर प्रमाणपत्र घेतलंच नाही, अशांची संख्या मुंबईत कमी नाही, त्यांनी आधी विद्यापीठाकडे अर्ज टाकावा. आणि ज्यांनी ते जपून ठेवायचं म्हणून लॅमिनेट करून घेतलं, त्यांचं दुखणं निराळं. प्लास्टिकवर शिक्का बसत नाही, म्हणून लॅमिनेशन सोडवा नाहीतर दुसरी प्रत काढा. घरी इस्त्री फिरवून सोडवायला जाऊ नका, कागदासोबत शाईही निघून येते.

सगळ्यात जास्त फायली अडतात त्या मात्र नावावर. समजा पदवीवर ‘कदम स्नेहा सुरेश’ आहे. आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. लग्नानंतरच्या पासपोर्टवर ‘स्नेहा अमोल पाटील’ आहे. आपल्याकडे लग्नाने आडनावासोबत मधलं नावही बदलतं, त्यामुळे तीनपैकी एकच शब्द जुळतो. परदेशातल्या कारकुनाला ही दोन माणसं दिसली तर त्याला दोष देता येत नाही. इलाज दोन आहेत. एक, महापालिकेचं विवाह प्रमाणपत्र, ज्यात लग्नाआधीचं पूर्ण नाव स्पष्ट असेल. तेही पदवीसोबत साक्षांकित करून घ्यायचं. दोन, महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात. नुसतं नोटरीचं ‘दोन्ही नावांची व्यक्ती मीच’ असं प्रतिज्ञापत्र कधी चालतं, कधी नाही. त्यावर विसंबू नये. आणि नुकतंच लग्न झालं असेल, वर्षभरात जायचा विचार असेल, तर पासपोर्टवरचं नाव बदलण्याची घाई करू नका. कायद्याने ते बदलणं बंधनकारक नाही.

पोलिसांचा दाखला, म्हणजे पीसीसी, पासपोर्ट कार्यालयाकडून मिळतो. फी ५०० रुपये. पासपोर्टवर पत्ता अंधेरीचा आणि राहणं डोंबिवलीत असेल तर तो अडकतो. पडताळणी हल्लीच्या पत्त्यावर होते. असं असेल तर आधी पत्ता सरळ करून घ्या.

कागद पोचले की पुढचं काम शाळेचा पीआरओ, म्हणजे सरकारी कामं करणारा माणूस, बघतो. एंट्री परमिट येतं, तिथे पोचल्यावर रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे, एमिरेट्स आयडी आणि दोन वर्षांचा रहिवास होतो. लहानपणी टीबी होऊन गेला असेल तर छातीवरचा जुना डाग एक्स-रेत दिसतो आणि प्रकरण जास्तीच्या तपासण्यांत जातं. राजीनामा देण्याआधी इथेच एक एक्स-रे काढून बघा, काही शेकड्यांचं काम आहे.

‘व्हिजिट व्हिसावर या, मग बघू’ हे वाक्य ऐकलं की थांबा. परमिटशिवाय काम देणाऱ्या मालकाला २०२४ च्या दुरुस्तीनंतर एक लाख ते दहा लाख दिरहम दंड आहे. इतकी जोखीम असूनही जी शाळा हे सुचवते, ती पगाराच्या बाबतीत कशी वागेल याचा अंदाज तुम्हीच करा.

पैसे

इंग्लंडचा आकडा आधी. बाहेरून अर्ज करताना तीन वर्षांपर्यंतच्या व्हिसाची फी एप्रिल २०२५ च्या दराने ७६९ पौंड. त्यावर आरोग्य अधिभार प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड, आणि तो तीनही वर्षांचा एकदम भरायचा. म्हणजे एका माणसाचे ३,८७४ पौंड. पौंड ११५ रुपये धरला तर साडेचार लाखांच्या आसपास. नवरा किंवा बायको आणि एक मूल सोबत असेल (मुलाचा अधिभार ७७६) तर एकूण १०,८४५ पौंड, म्हणजे साडेबारा लाखांच्या जवळ. काही शाळा यातला वाटा उचलतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. स्पॉन्सरशिपची फी मात्र शाळेनेच भरायची असते. ती तुमच्याकडून मागणं नियमबाह्य आहे.

शिवाय खात्यात १,२७० पौंड सलग २८ दिवस दिसावे लागतात. जोडीदाराचे २८५ आणि पहिल्या मुलाचे ३१५ वेगळे. एक दिवस जरी शिल्लक त्याखाली गेली तरी अर्ज नाकारला जातो. घराचा हप्ता आपोआप कापला जाणारं खातं यासाठी वापरू नका.

पगाराकडे बघू. लंडनबाहेर २०२५-२६ मध्ये पात्र शिक्षकाची सुरुवात ३२,९१६ पौंडांनी होते, इनर लंडनमध्ये ४०,३१७ नी. ३२,९१६ मधून प्राप्तिकर आणि नॅशनल इन्शुरन्सचे मिळून सुमारे ५,७०० जातात. महिन्याला २,२६० पौंडांच्या आसपास उरतात, पेन्शन कापायच्या आधी.

दुबईत प्राप्तिकर नाही, आणि भरतीचा-व्हिसाचा खर्च मालकाने करायचा असं तिथला कामगार कायदा सांगतो. पण ऑफर लेटरमधला एकूण आकडा बघून हुरळू नका. ‘बेसिक’ किती ते बघा. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवस. एकूण ६,००० दिरहममध्ये बेसिक ३,००० असेल तर दोन वर्षांनी हातात ४,२०० येतात. बेसिक ४,५०० असता तर ६,३०० आले असते. कुटुंब न्यायचं असेल तर पगार किमान ४,००० दिरहम हवा, किंवा ३,००० आणि राहायची जागा. याच्या खालची ऑफर एकट्या माणसासाठीच आहे असं समजा.

इथल्या एजंटला किती द्यायचे? परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला भरती एजंट ३०,००० रुपये अधिक जीएसटी, याहून जास्त घेऊ शकत नाही. त्याचा परवाना ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो.

जपान आणि थायलंड, थोडक्यात

जपानच्या शाळांत इंग्रजीचा सहायक शिक्षक म्हणून जायचं तर ‘इन्स्ट्रक्टर’ व्हिसासाठी पदवीसोबत बारा वर्षांचं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाल्याचा पुरावा मागतात. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांची वाट इथेच बंद होते, इंग्रजी कितीही उत्तम असली तरी. खासगी भाषावर्गांचा व्हिसा वेगळ्या प्रकारचा असतो आणि तिथे पदवी पुरते. थायलंडला नॉन-इमिग्रंट ‘बी’ व्हिसा, वर्क परमिट आणि शिक्षक परिषदेची तात्पुरती परवानगी अशी तीन वेगळी कामं होतात, आणि दर ९० दिवसांनी पत्ता कळवावा लागतो. एक-दोन वर्षांच्या अनुभवासाठी ठीक; कुटुंब घेऊन जायला आम्ही सुचवणार नाही.

राजीनामा कधी टाकायचा

महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या सेवाशर्ती नियमांप्रमाणे कायम शिक्षकाला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, कायम नसलेल्याला एक महिन्याची. यूएईचं एंट्री परमिट ६० दिवसांत वापरावं लागतं. तीन महिने आणि साठ दिवस जुळत नाहीत, म्हणून परमिट काढण्याची तारीख शाळेशी आधी ठरवा, किंवा उरलेल्या दिवसांचा पगार भरून सुटण्याची तयारी ठेवा. तिथल्या भारतीय शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत बोलणं पक्कं व्हायला हवं. इंग्लंडची शाळा सप्टेंबरची. तिथे व्हिसाचा निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो, तेव्हा सप्टेंबरला रुजू होणाऱ्याने स्पॉन्सरशिपचा क्रमांक जूनपर्यंत मागून घ्यावा.

नोटीस देता त्याच दिवशी अनुभवाच्या दाखल्याचाही अर्ज द्या. दाखल्यात इयत्ता, विषय, पूर्णवेळ की अर्धवेळ, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख हवी. ‘वर्तणूक चांगली होती’ एवढ्या एका ओळीवर कोणाचंच भागत नाही. क्लासेसमध्ये शिकवलेली वर्षं यात मिसळू नका, शाळेतला अनुभव म्हणून ती कुठेच धरत नाहीत. मसुदा स्वतःच टाइप करून न्या, लेटरहेडवर छापून मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा गोल शिक्का घ्या, आणि मे महिन्याच्या सुट्टीआधी घ्या. सुट्टीत ऑफिसमध्ये शिपाई भेटतो, सही करणारं कुणी भेटत नाही.