उचललेल्या टॅकोमाचं पुढचं सस्पेन्शन लेव्हल केल्यावर: वर्षभराच्या वापराचा अनुभव

गाडी टोयोटा टॅकोमा, २०१७ चं मॉडेल, डबल कॅब, टीआरडी ऑफ-रोड. राहणं कोलोरॅडोत. गाडी वापरलेली घेतली तेव्हाच आधीच्या मालकाने सस्पेन्शन बदलून ती उचललेली, म्हणजे उंच केलेली होती. मागे पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये एक जादा पाटा घातलेला, पुढे स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकच्या जोडीच्या) डोक्यावर ॲल्युमिनियमचा स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारी जाड चकती. टायर २८५/७०, १७ इंची. उंची भरपूर होती, पण नाक खाली आणि बूड वर. पिकअपची मागची बाजू कंपनीच मुद्दाम थोडी उंच ठेवते, म्हणजे हौद्यात माल भरल्यावर गाडी सपाट बसते. जादा पाट्यामुळे तो उतार आणखी वाढला होता.

हा उतार मडगार्डवरून मोजू नका. पुढच्या आणि मागच्या मडगार्डची कमान सारखी नसते, त्यामुळे माप फसवं येतं. दरवाजाखालच्या फ्रेमला पाणसळ लावा. माझ्या गाडीचा उतार पाऊण अंशाच्या जरा आत निघाला. पुढच्या-मागच्या चाकांत १२७.४ इंच अंतर आहे, म्हणजे पुढची बाजू साधारण दीड इंच खाली होती. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तेवढाच कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे चाक वळवणाऱ्या आसाचा मागे झुकलेला कोन, त्यामुळेच स्टिअरिंग सरळ राहतं. हायवेला ताशी सत्तर मैलांच्या पुढे गेलं की स्टिअरिंग सैल वाटायचं, आणि बाजूचा वारा असला की सतत सावरत बसावं लागायचं.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वरचा स्पेसर काढून आणखी जाड घालणं. मी त्याच्या ठाम विरोधात आहे. हा स्ट्रट खालच्या आर्मच्या (चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याच्या) साधारण मध्यावर बसतो, त्यामुळे वर पाव इंच वाढवलं की चाकापाशी जवळजवळ अर्धा इंच मिळतो. पण त्याबरोबर चाक पूर्ण लोंबकळल्यावर आर्मही कंपनीने ठरवलेल्या हद्दीखाली जातो. मग एक्सलचे सांधे आणि बॉल जॉइंट नको त्या कोनात वाकतात, वरचा आर्म स्प्रिंगला टेकतो. मी स्पेसर काढून टाकला आणि बिल्स्टीन कंपनीचे ६११२ हे शॉक बसवले, सोबत वाढीव कोनाचे वरचे आर्म. आर्म धरून सामान दोन हजार डॉलरच्या आत आलं, मजुरी वेगळी.

६११२ ची उंची शॉकच्या अंगावरच्या खाचांत रिंग बसवून ठरते. नंतर बदलायची तर स्ट्रट उतरवून स्प्रिंग दाबावी लागते, आणि ते काम योग्य प्रेस असलेल्या गॅरेजचंच आहे. आट्यांची चकती असलेले शॉक गाडीवरच फिरवता येतात हे खरं, पण इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मॅग्नेशियम क्लोराइड मारतात आणि त्याने आटे जाम होतात. मला खाचा बऱ्या वाटल्या.

आता मुद्द्याचं. पुढची बाजू मी मागच्याच्या बरोबरीला आणली नाही, अर्धा इंच खालीच ठेवली. स्प्रिंग आधीच जितकी दाबून उंची घ्याल तितकी चाकाला खाली जायची जागा कमी होते. शेवटी खड्ड्यात चाक सुटलं की शॉक पूर्ण उघडतो आणि ठक्क असा आवाज स्टिअरिंगपर्यंत येतो. शिवाय मी रिकामा हौदा घेऊन डोंगरात जात नाही. तंबू, पाणी, कूलर, सुटं चाक भरलं की मागचं बूड बसतं आणि तेव्हा पाणसळीचा बुडबुडा बरोबर मध्ये येतो.

टॅकोमा डावीकडे झुकते, हे बहुतेक मालकांना ठाऊक आहे. ड्रायव्हर डावीकडे, २१.१ गॅलनची टाकीही डावीकडे. डाव्या स्ट्रटवर पाव इंचाची पातळ चकती टाकली आणि झुकाव गेला. इतकी पातळ चकती चालते, माझा आक्षेप जाड स्पेसरला आहे.

अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन जुळवताना, मात्र घाई करू देऊ नका. पहिल्या दुकानाने कागदावर सगळं हिरवं दाखवून गाडी परत दिली, कॅस्टर मात्र फक्त दोन अंशांवर. दुसरीकडे कारागिराने आधी खालच्या आर्मचे बोल्ट सैल केले, गाडी चाकांवर उभी केली, दोन-तीनदा दाबून सोडली आणि मग घट्ट केले. ही पद्धत योग्य. गाडी जॅकवर लोंबकळत असताना बोल्ट आवळले तर रबरी बुश पिळलेलेच राहतात आणि लवकर फाटतात. त्याने डावीकडे ३.६ आणि उजवीकडे ३.९ अंश ठेवले, कारण इथला रस्ता उजवीकडे उतरता असतो. आता सरळ रस्त्यावर स्टिअरिंग आपोआप मध्ये येतं. पूर्वी टायर मागे घासायचा, चाक थोडं पुढे सरकल्यामुळे तेही थांबलं. काही शे मैलांनी नव्या स्प्रिंगा जरा बसतात, तेव्हा माप पुन्हा तपासून घ्या.

उन्हाळ्यात इमोजीन पासला, १३,११४ फुटांवर, मोठे दगड चढताना चाक निवांत खाली उतरतं, जमीन शोधतं. युटातल्या मोआबजवळच्या शेफर ट्रेलच्या वळणांवर ब्रेक लावला की पूर्वीसारखं नाक आपटत नाही. लाटा पडलेल्या मातीच्या रस्त्यावर तासाभरानेही शॉक दमलेले वाटत नाहीत. त्यांचा ६० मिलिमीटरचा पिस्टन तिथे कामी येतो. गावातले बारीक खड्डे मात्र जाणवतात, कारण माझे टायर दहा प्लायचे, म्हणजे जाड आणि कडक आहेत.

हेडलाइट लगेच खाली करा. पुढची बाजू एका इंचाने उचलली की २५ फुटांवरच्या भिंतीवर प्रकाश सव्वादोन इंचांहून जास्त वर चढतो, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यात जातो. २०१८ पासूनच्या टॅकोमात बोधचिन्हामागे समोरच्या गाड्या ओळखणारं रडार असतं, त्याचीही तपासणी करून घ्या.

एका गोष्टीवर सतत लक्ष ठेवावं लागतं: एक्सलचे रबरी बूट. उंचीमुळे कोन तिरका झाला की बुटाच्या घड्या एकमेकींवर घासतात. दर ऑइल बदलाला टॉर्च घेऊन खाली शिरतो आणि चाकाच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसतात का पाहतो. अजून कोरडं आहे.

पुण्या-नाशिककडच्या मित्रांनी इसुझूच्या व्ही-क्रॉस आणि टोयोटाच्या हायलक्स या पिकअपबद्दल विचारलं. त्यांचीही रचना अशीच, पुढे स्प्रिंग आणि मागे पाटे, तेव्हा मोजायची पद्धत तीच. मात्र तिकडे गाडीतल्या फेरफारांचे नियम कडक आहेत. सामान मागवण्याआधी आरटीओत जाऊन खात्री करून घ्या.