सुट्टीतला गणिताचा सराव: सरावपुस्तिका, ॲप की पत्ते?

सुट्टीत मुलं सगळं गणित सारखं विसरत नाहीत. अपूर्णांक म्हणजे काय हे बहुधा लक्षात राहतं. निसटतात ती कृतींची पावलं: हातच्याची वजाबाकी, मोठा भागाकार, पाढे. म्हणून साधन निवडण्याआधी वीस मिनिटं काढा आणि मुलाला कागदावर चार उदाहरणं द्या: 502 − 178, 47 × 6, 1/2 + 1/3 आणि एक शाब्दिक उदाहरण. त्याशिवाय पाच-सहा गुणाकार तोंडी, उलटसुलट विचारा.

उत्तर चुकलं यापेक्षा कसं चुकलं ते पाहा. 502 − 178 = 476 आलं, तर मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय. 2/5 आलं, तर अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलाय. अशा चुकांना सरावपुस्तिका लागते, कारण पायऱ्या कागदावर दिसतात आणि नेमकी कुठली घसरली ते सापडतं. पण बहुतेक पुस्तिकांत एका पानावर एकाच प्रकारची वीस उदाहरणं असतात. पानाच्या डोक्यावर ‘वजाबाकी’ लिहिलेलं असलं की काय करायचं हे ठरवावंच लागत नाही. त्यापेक्षा वेगवेगळ्या पानांवरून रोज आठ उदाहरणं निवडा: दोन वजाबाकीची, दोन गुणाकाराची, एक भागाकाराचं, दोन अपूर्णांकांची, एक शाब्दिक. पंधरा मिनिटं, आठवड्यातून चार दिवस. तपासणी त्याच दिवशी हवी, नाहीतर चुकीची रीत आठवडाभर घोटली जाते.

पाढेच अडत असतील तर पुस्तिकेचा फारसा उपयोग नाही. ‘सात आठे’ विचारल्यावर मूल ‘सात एके सात’पासून चढत येत असेल, तर त्याला पाढा येतो, गुणाकार येत नाही. इथे पत्ते कामाला येतात. गुलाम, राणी, राजा काढले की चाळीस पत्ते उरतात, एक्का म्हणजे 1. दोघांनीही दोन-दोन पत्ते उलटायचे, गुणाकार मोठ्याने म्हणायचा, ज्याचा मोठा त्याला चारही पत्ते. आठवड्याने 1, 2, 5 आणि 10 हेही काढून टाका. उरलेल्या 3, 4, 6, 7, 8, 9 या सहा अंकांत एकूण 21 वेगळे गुणाकार होतात, आणि खरं अडतं ते त्यातच. धोका एकच, मोठी माणसं घाईने उत्तर सांगून टाकतात. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा.

ॲपचा गुण म्हणजे उत्तर चूक की बरोबर हे तत्काळ कळतं, आणि पालकांना वेळ नसला तरी सराव होतो. पण चार पर्यायांतून निवडायचं असेल तर मूल 47 × 6 मध्ये फक्त सात सक बेचाळीस करतं आणि 2 ने संपणारा पर्याय दाबतं. गुण मिळाले, गुणाकार झालाच नाही. उत्तर टाइप करावं लागेल असंच ॲप घ्या, वेळेचं बंधन बंद ठेवा आणि शेजारी कोरा कागद द्या. एवढं जमत नसेल तर ॲप सोडून द्या.

घरातल्या मोजमापांवर मात्र सगळी भिस्त ठेवू नका. पाव कपाने पाऊण कप मोजणं, दोरी मीटरमध्ये मापणं अपूर्णांक आणि एककांसाठी छानच, पण त्यातून लेखी भागाकार येत नाही. एका बाबतीत मात्र हाच मार्ग सरस आहे: वेळेची वजाबाकी. 10:45 ला निघून 1:20 ला पोचलो, तर किती वेळ लागला? कागदावर 13.20 मधून 10.45 वजा करणारं मूल ‘2 तास 75 मिनिटं’ सांगतं, कारण तासाचा हातचा साठाचा असतो हे सुटतं. घड्याळ समोर ठेवून आधी 11 पर्यंत, मग 1 पर्यंत, मग उरलेली वीस मिनिटं, असं पुढे मोजायला लावा. 2 तास 35 मिनिटं हे उत्तर त्याचं तोच काढतो.