इंजिन मंद ठेवायचं की बंद करायचं?

ट्रॅक्टरच्या ऑइलचा लाल दिवा लागला की आपण धुऱ्यावर गाडी उभी करतो. वर्ध्याच्या कपाशीवरून ३५,००० फुटांवर जाणाऱ्या मुंबई-कोलकाता विमानाला धुरा कुठला? तिथं एखाद्या इंजिनात बिघाडाचा इशारा आला, तर दोनच वाटा.

पहिली, थ्रस्ट म्हणजे इंजिनाचा जोर कमी करून इंजिन मंद चालू ठेवायचं. जास्त कंपनाच्या इशाऱ्यात बहुधा एवढ्यानं भागतं. मंद इंजिनावरचा जनरेटर आणि हायड्रॉलिक पंप चालूच राहतो, हा फायदा लहान नाही.

दुसरी, इंजिन बंद. ऑइलचा दाब घसरला आणि मंद करूनही इशारा जात नसेल, तर हीच वाट. आग लागली असेल तर चर्चाच नको. पण बंद केल्यावर विमानाला ती उंची टिकवता येत नाही, हळूहळू खाली यावं लागतं. दोन इंजिनांचं विमान मग जवळच्या योग्य विमानतळावर उतरवतात. आपल्या भागात तो म्हणजे नागपूर.

मला पहिली वाट बरी वाटते, वेळ असेल तोवर. कारण घाईत चूक होते. जानेवारी १९८९ मध्ये इंग्लंडमधल्या केगवर्थजवळ वैमानिकांनी चांगलंच इंजिन बंद केलं. ४७ माणसं गेली. म्हणून आता कोणतं इंजिन, हे दोघा वैमानिकांनी एकमेकांकडून खात्री करून घेतल्याशिवाय इंजिन बंद करणाऱ्या मास्टर स्विचला हात लावत नाहीत. एक जण विमान उडवतो, दुसरा चेकलिस्ट वाचतो.